मिनी पीसीवर जेलीफिन: अडकणारे व्हिडिओ असे सुरळीत झाले

कोथरूडच्या घरी टीव्हीमागे एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी आहे, उबुंटू लिनक्स आणि जेलीफिन (घरचे फोटो, गाणी, व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलेला. फोटो, गाणी उत्तम चालत. पण भाच्याच्या मुंजीचे फोर-के व्हिडिओ सारखे अडकायचे आणि आईचा अगदी हिरमोड व्हायचा. डॅशबोर्डवर ‘ट्रान्सकोडिंग’, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं, दिसत होतं. प्रोसेसरवरचा ताण दाखवणारी टॉप कमांड मारली तर हे काम करणाऱ्या एफएफएमपेगने चारही कोअर व्यापलेले.

आमच्या जुन्या टीव्हीला या व्हिडिओंचा एचईव्हीसी फॉरमॅट चालत नाही, म्हणून सर्व्हर व्हिडिओ एच.२६४ मध्ये बदलत होता, तोही नुसत्या सीपीयूवर. ६ वॅटच्या चिपला हे झेपणारं नाही. तिच्या ग्राफिक्समध्ये त्यासाठीच क्विक सिंक ही व्हिडिओ बदलण्याची खास सोय दिलीय. प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये ते निवडलं, तर व्हिडिओ सुरूच होईना! लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: ग्राफिक्सची ‘रेंडरडी१२८’ ही डिव्हाइस फाइल उघडायची परवानगी नाही. टर्मिनलमधून जेलीफिन युजरला ती परवानगी असलेल्या ‘रेंडर’ ग्रुपमध्ये घातलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि अख्खी मुंज सलग पाहिली.

शिवाय बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू केली. पुण्यात गुरुवारी लाइट जाते, तेव्हा हे हवंच. तुमचा टीव्ही एचईव्हीसी थेट दाखवत असेल तर यातलं ट्रान्सकोडिंगचं बहुधा काहीच लागणार नाही. आधी ते तपासा.