रानमेंढ्यांच्या साथरोगांचा अभ्यास : नव्याने येणाऱ्यांसाठी

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील किंवा सांगलीकडचा एखादा विद्यार्थी रानमेंढ्यांच्या साथरोगांवर काम करायचे म्हणतो, तेव्हा मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. आपल्याकडे रानमेंढी नाही. उरियल ही रानमेंढी पाहायला लडाखपर्यंत आणि तिचा नातलग भरल पाहायला हिमालयात जावे लागते, आणि वाचायचे बहुतेक साहित्य उत्तर अमेरिकेतील बिगहॉर्न या रानमेंढ्या व स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरील सोए मेंढ्यांविषयी आहे.

ज्या एका मुद्द्यावर मी सर्वाधिक काळ अडकून राहिलो, तो सविस्तर सांगतो. न्यूमोनियाने मेलेल्या बिगहॉर्नच्या फुफ्फुसाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवला, की मॅनहेमिया किंवा पाश्चुरेला हे जिवाणू भराभर उगवतात आणि अहवालात त्यांचेच नाव येते. हे जिवाणू निरोगी मेंढीच्या घशातही असतात; त्यामुळे थंडी, उपासमार आणि गर्दी यांच्या ताणाने प्रतिकारशक्ती खचली व अंगातलेच जिवाणू उलटले, असा निष्कर्ष सहज निघतो. तो सुबक वाटतो, म्हणूनच घातक आहे. अनेक साथींच्या मुळाशी मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिई हा जिवाणू असतो. तो सावकाश वाढतो, इतर जिवाणूंच्या गर्दीत दिसत नाही आणि बहुतेकदा पीसीआर या जनुकीय चाचणीतच सापडतो. श्वासनलिकेतील घाण बाहेर लोटणारे सूक्ष्म केस तो निकामी करतो आणि मग बाकीच्यांना फुफ्फुसाची वाट मोकळी होते. तो येतो पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून. म्हणजे ताणाला दोष देऊन चारा पुरवत राहिलात, तर साथ थांबणार नाही. पाळीव कळप दूर ठेवावे लागतील.

याचा अर्थ ताण खोटा आहे, असा मात्र नाही. सोए मेंढ्यांवर 1985 पासून सलग निरीक्षण चालू आहे. तिथे शिकारी प्राणी नाहीत, तरी एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून अधिक मेंढ्या मरतात. भूक आणि आतड्यांतील जंत तिथे एकमेकांना बळ देतात. जंतनाशक दिलेल्या मेंढ्या अधिक तगल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा ताण लिहायचा असेल तर तो मोजा : अस्थिमज्जेतील चरबी पाहा, ताज्या लेंड्यांतील जंतांची अंडी मोजा.

मार्गदर्शक निवडताना, त्यांनी स्वतः किती शवविच्छेदने केली आहेत, हे नम्रपणे विचारा. तयार आकडे संगणकात भरून शोधनिबंध उभा करण्याच्या झटपट मार्गाविषयी माझे मत वाईट आहे. त्याऐवजी माण किंवा जत तालुक्यातील एखाद्या धनगर कुटुंबाच्या वाड्यावर काही आठवडे राहा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची साथ आली की कळपात काय होते, हे ते सांगतील; हाच रोग मंगोलियात पाळीव कळपांतून सायगा हरणांत शिरला आणि त्यांचा मोठा संहार झाला. इंग्रजी कच्चे असल्याची भीती बाळगू नका, ते वाचता वाचता सुधारते.

क्षेत्रकामाचा काळ मात्र विचारपूर्वक ठरवा. बिगहॉर्नच्या साथीत प्रौढ मेंढ्या मरणे थांबल्यावरही, निरोगी दिसणाऱ्या वाहक माद्यांमुळे पुढची कित्येक वर्षे कोकरे मरत राहतात, आणि तीही बहुधा जन्मानंतर एक ते तीन महिन्यांनी. भरलची पिल्ले जून-जुलैच्या सुमारास जन्मतात. म्हणून केवळ मे महिन्याच्या सुटीत जाऊन कळप सुदृढ असल्याचे लिहू नका, ऑक्टोबरपर्यंत पिल्ले मोजण्याची सोय आधी करा.