‘टीटी’ वाचून घाबरण्याआधी : हिपॅटायटिस सी आणि जनुकांचा रिपोर्ट कसा वाचावा

यकृताच्या ओपीडीत पेशंटना रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं काम. मध्यंतरी एक तरुण आला. हातातल्या कागदावर ‘टीटी’ या दोन अक्षरांभोवती त्याने पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता, की कागद तिथे फाटायला आला होता. “मॅडम, म्हणजे माझं शरीर या व्हायरसशी लढूच शकत नाही ना?” नेटवर त्याने तसं वाचलं होतं. दुसरा एक कागद खिशात होता, तो त्याने बाहेरही काढला नव्हता.

आधी तो दुसरा कागद काढा. त्यावर ‘एचसीव्ही आरएनए’, म्हणजे हिपॅटायटिस सी व्हायरसच्या जनुकीय द्रव्याची तपासणी, असं लिहिलेलं असतं. अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की शरीराची या व्हायरसशी कधीतरी गाठ पडली. बरं झाल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. व्हायरस आत्ता रक्तात आहे की नाही, हे आरएनएच सांगतो. लागण ताजी असेल तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, कारण सुरुवातीच्या महिन्यांत व्हायरस खालीवर होतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो.

जनुकांचा कागद त्यानंतर. त्यावरची अक्षरं, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक जागेवरची अक्षरं, वाचण्याआधी त्यांच्या शेजारचा, ‘आरएस’ने सुरू होणारा जागेचा क्रमांक वाचा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. १९व्या रंगसूत्रावर, इंटरफेरॉन लॅम्डा या व्हायरसविरोधी प्रथिनांच्या जनुकांपाशी, दोन जागा नेहमी तपासल्या जातात. आरएस १२९७९८६० या जागेवर ‘सीसी’ व्हायरस आपणहून जायला अनुकूल आणि ‘टीटी’ प्रतिकूल. आरएस ८०९९९१७ या जागेवर मात्र ‘टीटी’च अनुकूल! अक्षरं तीच, अर्थ उलटा. त्या तरुणाच्या कागदावर बारीक अक्षरांत ८०९९९१७ होतं. तीन आठवडे त्याची झोप उडाली होती, ती चांगल्या निकालामुळे.

आता ‘अनुकूल’ म्हणजे किती? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या जागेवर ‘सीसी’ असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी व्हायरस आपणहून घालवला होता, ‘टीटी’वाल्यांपैकी सुमारे पाव लोकांनी. म्हणजे ‘सीसी’ असूनही निम्म्यांचा व्हायरस गेला नाही आणि ‘टीटी’ असूनही कित्येकांचा गेला. हा शक्यतेचा आकडा आहे. तुमचं काय झालं ते आरएनएच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

आणि कृपा करून ‘कमजोर प्रतिकारशक्ती’ हा शब्द वापरू नका. २०१३ साली कळलं, की प्रतिकूल जनुकांच्या लोकांमध्ये इंटरफेरॉन लॅम्डा ४ नावाचं एक प्रथिन तयार होतं. इतरांमध्ये ते तयारच होत नाही. म्हणजे इथे काही कमी नाही, उलट एक जास्तीचं आहे, आणि तरीही सी व्हायरस हटायला ते आडवं येतं. आया मला हळूच विचारतात, “माझ्याकडून आलं का हो?” प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. यात कुणाचा दोष शोधायचा?

ही अक्षरं हिपॅटायटिस बीला लावू नका. तिथे एचएलए-डीपी वगैरे जनुकांचा संबंध दिसतो. व्हायरसचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचे, हे त्यांचं काम. पण बीमध्ये वयच जास्त ठरवतं. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के बरे होतात, तर जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी, लस वेळेवर मिळाली नाही तर, सुमारे ९० टक्क्यांमध्ये आजार मुरतो.

त्या तरुणाने शेवटी खिशातला कागद काढला. आरएनए पॉझिटिव्ह. लागण होऊन वर्ष उलटलं होतं. जनुकं अनुकूल होती, पण व्हायरस रक्तात होताच. इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घ्यावी लागत, त्या काळी ही तपासणी उपचार ठरवताना उपयोगी पडायची. आताच्या गोळ्या ८ ते १२ आठवड्यांच्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, जनुकं कोणतीही असोत. त्यामुळे ‘जनुकं चांगली आहेत, आपोआप जाईल’ म्हणून थांबू नका, आणि ‘वाईट आहेत’ म्हणून उपचार टाळू नका. गोळ्या सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. सी हटताना दबलेला बी उसळू शकतो.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा. तो तरुण तेव्हा एकच कागद घेऊन आला, उघडाच. त्यावर कुठेही पेनाची खूण नव्हती.