बटाट्याचा ग्राफ शून्याला छेदतो तेव्हा तुम्ही नेमकं काय मोजलेलं असतं?

परासरणाची (अर्धपार्य पटलातून पाणी जाण्याची) व्याख्या सगळ्यांना पाठ असते. बीएस्सीच्या प्लांट फिजिऑलॉजीत गाडी अडते ती उणे चिन्हापाशी, आणि त्याहून जास्त बटाट्याच्या प्रॅक्टिकलपाशी, जिथे बटाट्याचे तुकडे कमीजास्त साखरेच्या पाण्यात ठेवून वजनातल्या बदलाचा ग्राफ काढतात. पहिल्या खेपेला हे डोक्यात शिरलं नाही तर घाबरू नका, विषय खरोखर निसरडा आहे.

वॉटर पोटेन्शियल म्हणजे पाण्याची दुसरीकडे जाण्याची ओढ, दाबाच्या एककात मोजलेली. शुद्ध पाण्याचं वॉटर पोटेन्शियल शून्य. त्यात काहीही विरघळलं की ते शून्याखाली जातं. पेशीत भिंतीच्या दाबाचाही वाटा असतो, म्हणून वॉटर पोटेन्शियल = सोल्यूट पोटेन्शियल (विरघळलेल्या पदार्थांचा वाटा) + प्रेशर पोटेन्शियल (दाबाचा वाटा). पाणी जास्त वॉटर पोटेन्शियलकडून कमीकडे, म्हणजे उणे ०.३ मेगापास्कलकडून उणे ०.८ कडे जातं. पूर्ण फुगलेल्या पेशीचं वॉटर पोटेन्शियल शून्य असतं, सोल्यूट पोटेन्शियल नव्हे. तिथे आतला दाब त्या उणे आकड्याची बरोबर भरपाई करतो. हा दाब किरकोळ नसतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण ०.२ मेगापास्कल हवा भरतात, पानातल्या टवटवीत पेशीत त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब सहज असतो.

क्लासच्या नोट्समध्ये अजून डीपीडी (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिट) = ओपी (ऑस्मॉटिक प्रेशर) − टीपी (टर्गर प्रेशर, म्हणजे पेशीतला आतला दाब) हे सूत्र फिरतं. ते चूक नाही, पण तिथे सगळे आकडे धन असतात आणि पाणी कमी डीपीडीकडून जास्तीकडे जातं. एकाच गणितात दोन्ही पद्धती मिसळल्या की उत्तर उलटं येतं. माझं स्पष्ट मत: डीपीडी ओळखण्यापुरतं ठेवा, गणित वॉटर पोटेन्शियलनेच करा.

आता बटाटा. ०, ०.१, ०.२ अशी ०.६ मोलरपर्यंत सुक्रोजची (साखरेची) द्रावणं करा. ०.१ मोलर म्हणजे ३.४२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० मिलीपर्यंत पाणी भरणं. १०० मिली पाण्यात साखर टाकली तर द्रावण पातळ होतं. एकाच बटाट्यातून कॉर्क बोररने नळकांड्या काढा, सालीचा भाग कापून टाका आणि सगळ्या ४ सेंमीच्या करा. प्रत्येक वेळी फिल्टर पेपरवर सारखंच टिपून वजन घ्या. कोणी दाबून टिपतं, कोणी नुसतं टेकवतं, आणि तेवढ्याने ग्राफ बिघडतो. नळकांड्या वेगवेगळ्या द्रावणांच्या टेस्ट ट्यूबमध्ये टाका, ट्यूब झाकून दोन तास ठेवा. मग वजनातला टक्केवारी बदल काढा, ग्रॅममधला नको, कारण सुरुवातीची वजनं सारखी नसतात. हा बदल द्रावणाच्या मोलरसमोर ग्राफवर मांडा.

रेघ शून्याला छेदते तिथे पेशीत पाणी निव्वळ आत जात नाही की बाहेर येत नाही. म्हणजे पेशी आणि द्रावण यांचं वॉटर पोटेन्शियल सारखं. बीकरमधल्या द्रावणावर जादा दाब नसतो, म्हणून त्याचं सोल्यूट पोटेन्शियल हेच त्याचं वॉटर पोटेन्शियल. समजा छेद ०.३ मोलरला आला. २७ अंशांना (उणे मोलर × वायू स्थिरांक × केल्व्हिनमधलं तापमान): −०.३ × ०.००८३ × ३०० = साधारण उणे ०.७५ मेगापास्कल. हे बटाट्याचं वॉटर पोटेन्शियल आहे. फाइलमागून फाइलमध्ये इथे ‘ऑस्मॉटिक पोटेन्शियल’ (सोल्यूट पोटेन्शियलचंच दुसरं नाव) लिहिलेलं सापडतं, कारण सीनियरची फाइल उतरवली जाते. कृपा करून उतरवू नका. पेशीत अजून टर्गर (आतला दाब) शिल्लक आहे, मग दोन्ही आकडे एक कसे होतील? (आणि तापमान केल्व्हिनमध्ये, ३०० ऐवजी २७ घातले की उत्तर अकरा पट लहान येतं.)

सोल्यूट पोटेन्शियल हवं असेल तर टर्गर शून्य झालेला क्षण पकडावा लागतो, आणि तो मायक्रोस्कोपखाली दिसतो. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या खालच्या बाजूची पातळ साल काढा, वेगवेगळ्या सुक्रोजमध्ये २०-३० मिनिटं ठेवा, किमान १०० पेशी मोजा. कडेच्या फाटलेल्या, रंग गेलेल्या पेशी मोजायच्या नाहीत. जिथे निम्म्या पेशींत प्लाझ्मोलिसिस (पाणी गेल्याने पटल भिंतीपासून सुटणं) दिसतं, त्या द्रावणाचं सोल्यूट पोटेन्शियल ते पेशींचं. किंचित आकुंचनामुळे थोडा फरक पडतो, पण या पातळीवर चालतं.

एकाच ऊतीत वॉटर पोटेन्शियल उणे ०.७५ आणि सोल्यूट पोटेन्शियल उणे १.० निघालं, तर टर्गर ०.२५ मेगापास्कल. एकाच ऊतीत! बटाट्याचा एक आकडा आणि रिओचा दुसरा घेऊन वजाबाकी केली तर तिला काहीच अर्थ नाही.

सुक्रोजऐवजी मीठ वापरलं तर आयन दोन होतात, म्हणून ०.३ मोलर मिठाचा परिणाम जवळजवळ ०.६ मोलर साखरेएवढा. ॲक्वापोरिन (पटलातली पाण्याची प्रथिन-द्वारं) पाण्याचा वेग बदलतात, दिशा नाही. पानाच्या रंध्राभोवतीच्या रक्षक पेशींचंही गणित हेच: निळ्या प्रकाशात प्रोटॉन पंप चालू, पोटॅशियम आत, सोल्यूट पोटेन्शियल खाली, पाणी आत, टर्गर वाढला, रंध्र उघडलं.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: प्लाझ्मोलिसिस झालेल्या पेशीत भिंत आणि पटलामधल्या जागेत काय असतं? बाहेरचं द्रावण, कारण भिंत ते अडवत नाही. पेशी जिवंत आहे का, तेही लगेच पाहता येतं. कव्हरस्लिपच्या एका कडेला पाण्याचा थेंब ठेवा, दुसऱ्या कडेने फिल्टर पेपरने द्रावण ओढून घ्या. जांभळा रंग काही मिनिटांत पुन्हा भिंतीपर्यंत पसरला तर जिवंत. तसाच आक्रसून राहिला किंवा बाहेर झिरपला तर ती साल टाका आणि नवी काढा.