पुष्य-आश्लेषातली कीड: नेहमीची कोणती, वेगळी कोणती?

पुष्य लागला की बेळगाव-खानापूरकडची भाताची लावण उरकत आलेली असते, निपाणी-चिकोडीकडचं सोयाबीन फुलावर येतं आणि उसात हुमणी ही मातीतली अळी मुळांना भिडते. याच दिवसांत डेअरीवर दूध घालताना 'यंदा कीड लई' हे हमखास कानावर येतं. गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त, हे विचारलं तर सांगता कुणालाच येत नाही. कीड दरवर्षी असतेच. यंदाचं वेगळेपण ओळखायचं तर रानातलं नेहमीचं प्रमाण लिहून ठेवलेलं हवं.

बाजाराचा वार सोडून आठवड्यातला एक वार ठरवा. सकाळी रानात नागमोडी फिरत पाच ठिकाणी थांबा. सोयाबीनच्या दोन ओळींत गोणपाट अंथरून मीटरभर ओळीतली झाडं हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. तीन-चारपर्यंत आल्या की फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही. भातात नुसती पाती बघून भागत नाही. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात; चूड, म्हणजे रोपांचा झुपका, वाकवूनच बघावं लागतं. चुडामागे दहाच्या आसपास दिसले तर बांधी, म्हणजे भाताचं खाचर, निचरून काढा आणि युरिया थांबवा. आकडा, तारीख आणि आठवड्याचा पाऊस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याच चौकटीत लिहा. दोन हंगामांत तुमच्या रानाचा हिशेब तुमच्या हाती येतो.

उघडीप लांबली की मावा आणि फुलकिडे वाढतात, हे नेहमीचंच. चांगला पाऊस झाला की बरेचसे धुऊन जातात. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या भातात शिरून ओसरलं, की पुढचा आठवडाभर मात्र रोज चक्कर मारा. कोरड्या दिवसांनंतर एकदम पाणी भरलेल्या शिवारात लष्करी अळी झुंडीनं येऊ शकते. बगळे आणि साळुंक्या एकाच बांधीत गर्दी करत असतील तर आधी तिथं बघा.

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली तर डोकं निरखा. उलट्या 'वाय' अक्षरासारखी पांढुरकी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती अमेरिकन लष्करी अळी. २०१८ च्या मे महिन्यात ती भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात. नवी कीड जुनीसारखीच दिसते आणि त्यातच वेळ जातो. म्हणून खूण पटत नसेल तर अंदाजानं नाव ठेवून मोकळं होऊ नका.

उलटही होतं, महाराष्ट्रातली कीड आपल्याकडे येते. २००२ साली सांगलीकडच्या उसात लोकरी मावा पसरला आणि त्याच वर्षी तो उत्तर कर्नाटकातही पोचला. सीमेवरचा कोगनोळीचा नाका गाड्यांसाठी, किडीसाठी नाही. पानाच्या खाली पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. पुरुषभर उंचीच्या उसात पंप घेऊन शिरायचं तरी कसं? शेवटी आवर घातला तो डिफा या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळीनं आणि मायक्रोमस या मित्रकिडीनं. हे कीटक वाढवून रानोमाळ सोडले गेले. म्हणून सीमेपलीकडच्या गडहिंग्लज-कागलकडची किडीची बातमी आपलीच समजा, आणि लोकर दिसली तर तिच्यात मावा खाणाऱ्या अळ्या फिरताहेत का ते आधी बघा. फिरत असतील तर पंप खाली ठेवा.

ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळीला तर लोक फुकट मारतात. काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके; दिसायला ओंगळ, पण मावा फस्त करते. तसंच सोयाबीनच्या पानावर ताठ होऊन चिकटलेल्या पांढऱ्या, मग हिरवट भुकटी चढलेल्या अळ्या दिसल्या तर आनंद माना. त्यांना बुरशी लागली आहे आणि ओल्या हवेत ती बाकीच्यांनाही लागते. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं या बुरशीवर बरंच काम केलं आहे. अशा वेळी दुकानदारानं बांधून दिलेलं 'कीडनाशक अधिक बुरशीनाशक' मिश्रण मारलं तर फुकटचा मजूर आपणच घालवला. तीन औषधं एकाच टाकीत घालण्याची जी पद्धत पडली आहे, ती कुणाच्या फायद्याची हे प्रत्येकानं आपापल्या बिलावरून ठरवावं.

काय दिसत नाही, तेही लिहा. उघडिपीच्या सकाळी भोपळ्या-काकडीच्या फुलांवर मधमाश्या हव्यातच. सलग दोन-तीन कोरड्या सकाळी फुलं सुनी दिसली, तर आजूबाजूला फुलोऱ्यात कुणी फवारलं का, याची चौकशी करा. आपली फवारणी अगदी गरजेची असेल तर सूर्य कलल्यावर.

उसात पिवळं बेट दिसलं की हलवून बघा. सहज उपटून आलं तर मुळाशी हुमणी असणार. आश्लेषा-मघात अळी अजून लहान असते. ओल्या शेणखतात मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी मिसळून मुळाशी द्यायचं तर आताच. हस्तापर्यंत थांबलात तर ती जाड होऊन कशालाच दाद देत नाही. प्रकाश सापळा लावला असेल तर तो संध्याकाळी सात ते दहापर्यंतच ठेवा. रात्रभर दिवा जळला तर मित्रकिडेही त्यात मरतात.

न ओळखलेली कीड कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायची असेल, तर बाजूला नाणं ठेवून तिचा फोटो काढा. एक वरून, एक खाल्लेल्या पानासह. सोबत पेरणीची तारीख, आधी मारलेलं औषध आणि दिनदर्शिकेतले आकडे न्या. नमुना घट्ट झाकणाच्या बाटलीत घाला. वाटेत दुसऱ्याच्या बांधावर उघडून दाखवत बसू नका.