टोकनचा भाव ठरवणारं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिताय? या चुका टाळा

समजा, देवगडच्या बागायतदारांसाठी हापूसच्या आगाऊ नोंदणीचं टोकन काढायचं आहे. एक टोकन म्हणजे एक डझन, आणि भाव मागणीप्रमाणे कॉन्ट्रॅक्टच, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅमच, ठरवणार. सूत्र सोपं आहे: पूलमधली, म्हणजे कॉन्ट्रॅक्टकडच्या साठ्यातली, टोकनं गुणिले पूलमधले पैसे, हा गुणाकार कायम ठेवायचा. घात होतो तो सूत्राच्या आजूबाजूला.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पूलमधला त्या क्षणाचा भाव खरा मानणं. पूलमध्ये 1,000 टोकनं आणि 5,00,000 रुपयांचं स्टेबलकॉइन (स्थिर किमतीचं डिजिटल चलन) असेल, तर भाव 500. कुणी आणखी 5,00,000 ओतले की टोकनं उरतात 500, पैसे होतात 10,00,000 आणि भाव 2,000. पैसे दुप्पट, भाव चौपट! याच भावावर टोकन तारण घेऊन कर्ज देणारं कॉन्ट्रॅक्ट जोडलं असेल, तर ते रिकामं व्हायला वेळ लागत नाही. फ्लॅश लोन, म्हणजे त्याच व्यवहारात फेडायचं विनातारण कर्ज, घेतलं तर हल्लेखोराला स्वतःचं भांडवलही लागत नाही. उचल, फुगवणं, परतफेड सगळं एकाच व्यवहारात उरकतं. ऑक्टोबर 2022 मध्ये मँगो मार्केट्स या क्रिप्टो व्यवहार मंचातून 10 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. तिथे फ्लॅश लोन नव्हतं, पण मार्ग हाच होता: आधी भाव फुगवायचा, मग त्यावर कर्ज उचलायचं. म्हणून ठरावीक काळाची सरासरी घ्या किंवा स्वतंत्र ओरॅकल (बाहेरचा भाव कॉन्ट्रॅक्टला पुरवणारी सेवा) वापरा.

ओरॅकलचा भावही शिळा असू शकतो. वाशीच्या बाजाराचा दर कॉन्ट्रॅक्टला पाठवणारी स्क्रिप्ट गावातल्या एकाच संगणकावर चालवू नका. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. भाव शेवटचा कधी बदलला ते दर वेळी तपासा, आणि तो जुना असेल तर नवी खरेदी थांबवा. लोकांचे पैसे काढून घेण्याची वाट मात्र कधीच बंद करू नका. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हिशेब जुळत नसेल तर आधी भागाकार बघा. सॉलिडिटीत, म्हणजे ही कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत, अपूर्णांक नाहीत. भाव 555 असताना 10 टक्के सूट देताना आधी 100 ने भागून मग 90 ने गुणलं तर 450 येतात. आधी गुणलं तर 499. भाव भलताच, अब्जावधींच्या पटीत चुकतोय? मग दशांश स्थळं तपासा. यूएसडीसी या डॉलरच्या स्टेबलकॉइनला 6 असतात, बहुतेक टोकनांना 18.

खरेदीदाराला 'किमान इतकी टोकनं मिळालीच पाहिजेत' अशी अट घालता आली पाहिजे, नाहीतर बॉट (आपोआप व्यवहार करणारे प्रोग्रॅम) त्याच्या पुढे घुसून भाव चढवतात. पैसे बाहेर पाठवण्याआधी शिल्लक वजा करा. 2016 मध्ये द डाओ (इथेरियमवरचा सामूहिक गुंतवणूक निधी) याच क्रमाच्या चुकीमुळे लुटलं गेलं.

सेपोलिया या इथेरियमच्या चाचणी नेटवर्कवर चढवण्याआधी फाउंड्री या कॉन्ट्रॅक्ट तपासायच्या साधनात एक फझ टेस्ट (यादृच्छिक आकडे घालून घेतलेली चाचणी) लिहाच: कोणतीही रक्कम घ्या, टोकन विकत घेऊन लगेच विका, हातात सुरुवातीपेक्षा जास्त पैसे येता कामा नयेत. एक वेई (सगळ्यात लहान एकक) जरी जास्त आला, तरी राउंडिंग उलट्या दिशेला होतंय. विकत घेणाऱ्याकडून वर, विकणाऱ्याला देताना खाली, असं ते बदला.