नवे पॅड घातल्यावर ब्रेकमधून चीं आवाज का येतो आणि तो कसा घालवायचा

नवे पॅड बसवले आणि पहिल्याच सिग्नलला पुढच्या चाकातून चींऽऽ असा आवाज आला, की पॅडच खराब लागले असं वाटतं. बहुतेक वेळा पॅड चांगलेच असतात. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासताना बारीक थरथरतो, त्या थरथरीचा हा आवाज. आणि तो थरथरतो, कारण जुने काढून नवे बसवताना मधली साफसफाई राहून गेलेली असते. दुसरा सेट विकत घेण्याआधी ती करा.

आधी आवाज नीट ऐका. सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला येऊन बंद होत असेल, तर तो रात्रीत डिस्कवर चढलेला गंज. पावसाळ्यात आणि कोकण किनाऱ्यावर हे रोजचंच, काही करायला नको. ब्रेक न दाबताही आवाज येत असेल, तर झीज दाखवणारी पट्टी वाकून डिस्कला लागतेय का, डिस्कमागचा पत्रा घासतोय का, की पॅड अडकून बसलाय, हे बघा. ही पट्टी बहुतेक गाड्यांत आतल्या, म्हणजे पिस्टनकडच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडच्या) पॅडला असते. आतबाहेरचे पॅड उलटसुलट बसले तरी गडबड होते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर असेल, तर गाडी चालवूच नका.

हळू ब्रेक लावतानाच चीं होत असेल, तर आधी पॅड डिस्कशी जुळवून घ्या. जुन्या डिस्कवर चरे पडलेले असतात आणि नवा पॅड सपाट, म्हणून सुरुवातीला तो उंचवट्यांवरच टेकतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून, ताशी ५० कि.मी.वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. अर्धा मिनिट चालवून पुन्हा तसंच, असं ८ ते १० वेळा. नंतर ५ मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेला पॅड थांबलेल्या डिस्कवर दाबून धरला, तर त्या जागी त्याचा थर चिकटतो आणि पुढे पेडल थरथरायला लागतं. पहिले २०० ते ३०० कि.मी. थोडा आवाज चालून जातो.

तरी गेला नाही, तर चाक खोला. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली स्टँड. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढला की तारेने बांधून ठेवा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. तो बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन निसटेल.

आता खरी जागा. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचेत बसतात, तिथली स्टीलची क्लिप काढून खाली बघा. बहुतेकदा तिथे गंजाचा तपकिरी पापुद्रा असतो. तो फुगून क्लिप वर उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅड अडकतो. तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. वाकलेल्या क्लिपा फेकून नव्या घाला. पॅड बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल, तर खाच अजून साफ झालेली नाही.

मग शिम. नव्या पॅडबरोबर मागची पातळ पत्री आली नसेल, तर जुनी सरळ आणि धड असल्यास साफ करून लावा. थरथर पिस्टनपर्यंत जाऊ न देण्याचं काम तिचंच. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढून पुसा आणि त्यांना उष्णता सोसणारं सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने पिनांवरची रबरी टोपणं (बूट) फुगतात. तेच ब्रेक ग्रीस पॅडच्या कानांना आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे, अगदी पातळ. एका पॅडला हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. तेल मुरलेला पॅड साफ होत नाही, बदलावाच लागतो.

पॅडवर काचेसारखी चकाकी आली असेल, तर ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट जागेवर ठेवून त्यावर पॅड हलका घासा, तोंडाला मास्क बांधून. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा; रॉकेल-डिझेल नको, त्याचा तेलकट थर राहतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेला उंच कंगोरा झाला असेल आणि पॅड त्याला टेकत असेल, तर डिस्क मोजा. किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच.

सगळं जोडून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, चाकाचे नट समोरासमोरचे आवळा. पॉलिश पेपर मारला असेल, तर ८-१० ब्रेकची ती फेरी पुन्हा मारा.