ग्राहक मास्टरचा डॅशबोर्ड तपासताना

ग्राहक मास्टर म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या नोंदींची मूळ यादी. तिचा डॅशबोर्ड उघडल्यावर मोठ्या टक्केवारीआधी कोपऱ्यातली 'शेवटचं रिफ्रेश' ही वेळ वाचा. डेटा रात्री एकदाच येत असेल, तर सकाळची दुरुस्ती दुपारी दिसत नाही आणि तेच काम दोघं करत बसतात. मग वरचे सगळे फिल्टर काढा. आदल्या माणसाने एकच शाखा निवडून ठेवलेली असते. एकूण नोंदी मूळ सॉफ्टवेअरमधल्या आकड्याशी जुळल्या तरच पुढे जा.

आधी सेटिंग्ज बघायच्या. कोणतं फील्ड सक्तीचं आहे, कुठे यादीतूनच निवडायचं आहे, डुप्लिकेट कशावरून पकडायचं आहे, हे लिहून काढा. नेहमीची फट अशी, की नियम फॉर्मला लागतो आणि एक्सेल इम्पोर्टला लागत नाही. म्हणून चुका 'नोंद कुठून आली' या रकान्यावर फोडून बघा. एकाच मार्गाने ढीग येत असेल तर नोंदी दुरुस्त करत बसू नका, तो मार्ग आधी बंद करा.

मोबाइल '९८ टक्के भरलेले' दिसले तरी लगेच खूश होऊ नये. तो रकाना मूल्यानुसार ग्रुप करा, संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरची वीस मूल्यं वाचा. ९९९९९९९९९९ आणि दुकानाचा स्वतःचा नंबर तिथेच सापडतात. मोबाइल दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा हवा, हा नियम मात्र दहा नव्वांनाही पास करतो. काउंटरवर रांग असते, फील्ड सक्तीचं असतं, मग माणूस काहीतरी दाबणारच. त्यापेक्षा 'ग्राहकाने दिला नाही' हा पर्याय द्या. टक्केवारी घसरेल, पण खरी होईल.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅन. क्रमांक २७ चा आणि पिनकोड गोव्याचा, म्हणजे ४०३ ने सुरू होणारा, अशा नोंदी वेगळ्या काढा. पण बिलाचा आणि माल पोचवायचा पत्ता वेगळा असेल तर ती चूक नव्हे. शहराच्या रकान्यात औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही दिसणारच. पिनकोडवरून एकच नाव लावा आणि जुनं नाव शोधासाठी ठेवा.

तारखांमध्ये १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० दिसली तर तिथे मुळात शून्य किंवा रिकामी जागा होती. बऱ्याच संगणक प्रणालींची वेळेची मोजणी त्या दिवसापासून सुरू होते आणि भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १२ तारखेनंतरच्या खरेद्याच गायब असतील, तर इम्पोर्टने दिवस-महिना उलटे वाचलेत; तेरावा महिना नसतो, म्हणून त्या नाकारल्या गेल्या. तेव्हा १२ तारखेपर्यंतच्याही बहुतेक चुकल्यात, फक्त त्या ओरडत नाहीत.

डुप्लिकेट सगळ्यात शेवटी. नावावर विसंबू नका; 'चौधरी' हे एकच आडनाव रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. मोबाइल अधिक पिनकोड ही जोडी बरी, तरी एका घरात एकच नंबर वापरणारे चौघं असू शकतात. तसंच एकाच जीएसटी क्रमांकावर दोन गोदामं चालतात. त्यामुळे आपोआप मर्ज, म्हणजे दोन नोंदींची एक करणं, चालू करू नये. संपूर्ण यादी एक्सपोर्ट करून ठेवा, दहा जोड्या हाताने मर्ज करा आणि येणं बाकी व जुनी बिलं टिकलेल्या नोंदीवर आलीत का ते बघा. दोन्हींपैकी एकीवर 'मेसेज पाठवू नका' असेल तर तेच कायम ठेवा. सॉफ्टवेअर नवी नोंद धरून ते पुसू शकतं.

आठवड्याने फक्त 'गेल्या ७ दिवसांत आलेल्या नोंदी' एवढाच फिल्टर लावून मोबाइलची वरची वीस मूल्यं पुन्हा वाचा.